नावेचा पंखा नमुन्यावरून नव्हे, मोजून घ्यावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात मासेमारीची एक नाव मोटर बंद पडल्याने अंधार पडेपर्यंत अडकून राहिली आणि अखेर दुसऱ्या नावेने तिला ओढत काठाला आणले, ही बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचली. त्या बातमीत एक दुरुस्ती सुचवण्यासाठी आणि त्या निमित्ताने आमच्या भागातल्या सर्व मच्छीमार संस्थांच्या कामाची एक गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती मोटर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तपासणीला आली होती आणि ती बंद पडलेली नव्हती. दोरी ओढताच ती सुरू झाली, गिअर पडला, पंखा ज्यावर बसतो तो दांडा, म्हणजे शाफ्टही फिरला. फिरत नव्हता तो फक्त पंखा, ज्याला पुस्तकात प्रोपेलर म्हणतात. नाव चालवणाऱ्या भावाने मला सांगितले ते असे: "गुरुजी, मोटर तं लय ओरडते, पण नाव समोर जातच नाही जी." त्याने लक्षण अगदी अचूक सांगितले होते. पंख्याच्या मधल्या नळीभोवती जो रबरी बुश बसवलेला असतो, तो पाण्याखालच्या खुंटाचा धक्का बसून सुटला होता. खरे तर तो बुश त्याचसाठी असतो. धक्का लागला की त्याने घसरावे आणि आतले गिअर वाचवावेत. अशा वेळी मोटर अगदी मंद ठेवली तर बुश बहुधा थोडी पकड धरतो आणि नाव हळूहळू का होईना काठाला लागते, परंतु हे त्या भावाला कुणी कधी सांगितलेच नव्हते.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिक शाखेचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर पवनी तालुक्यातल्या मच्छीमार बांधवांच्या मोटरी पाहून देतो. त्या दिवशी बुशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. तो पंखा अवघ्या चार महिन्यांपूर्वी नवा घेतलेला होता. जुन्या पंख्याचे एक पाते मोडले, तेव्हा संस्थेच्या माणसाने तो पिशवीत घालून नागपूरला नेला, दुकानात दाखवला आणि दुकानदाराने त्याच आकड्याचा पंखा काढून दिला. आमच्याकडे सर्वत्र हीच पद्धत आहे. जुना पंखा हाच नमुना, असे सगळे धरून चालतात. माझे म्हणणे असे की, जुनी मोटर असेल तर ही पद्धत धोक्याची आहे, कारण जुना पंखा त्या नावेला योग्य होता की नाही हे आजवर कुणी तपासलेलेच नसते. या मोटरी दोन-तीन हात फिरून आपल्याकडे येतात. पहिला मालक ती हलक्या रिकाम्या बोटीवर चालवत असेल, दुसरा वाळूच्या पात्रात, आणि आपण तीच मोटर सहा माणसे, जाळी, बर्फाची पेटी आणि भरलेल्या मासळीच्या टोपल्या यांच्या ओझ्यावर लावतो. पंखा मात्र पहिल्या मालकाचाच राहतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या संस्थेने एक जुनी २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर घेतली आणि ती अठरा फुटी फायबरच्या नावेला बसवली. तिच्या पंख्यावर १०×१३ असा आकडा कोरलेला होता. खुंटाला लागून त्याची दोन पाती मुडपली, तेव्हा माझ्याच सल्ल्याने हुबेहूब त्याच आकड्याचा नवा पंखा आणला गेला. नाव जडच चालत होती, पण ती आधीही जड चालायची, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. दोन महिन्यांत प्लग वारंवार काळे होऊ लागले आणि एके दिवशी दुपारी एका सिलिंडरचा पिस्टन धरला, म्हणजे आतच घट्ट अडकला. मोटर खोलली तेव्हा पिस्टनच्या रिंगा काजळीने खाचेत घट्ट बसलेल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च संस्थेच्या सभासदांनी वर्गणी काढून भागवला, आणि त्यातल्या प्रत्येकाचे घर त्या मासळीवर चालते हे मला ठाऊक होते. त्या दिवसापासून मी एकही पंखा मोजल्याशिवाय घेऊ दिलेला नाही.

पंख्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला आकडा म्हणजे व्यास, आणि तो पुरेसा सोपा आहे: मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. दुसरा आकडा पिचचा, आणि सगळा घोळ तिथे होतो. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तितका पंखा एका फेऱ्यात पाण्यातून पुढे गेला असता, जर पाणी लाकडासारखे घट्ट असते तर. ते अंतर इंचांत म्हणजे पिच. पाणी घट्ट नसते, म्हणून पंखा थोडा मागे घसरतो. या तुटीला घसर म्हणतात आणि ती हलक्या वेगवान बोटीला दहा ते वीस टक्के, तर ओझ्याच्या नावेला त्याहून पुष्कळ जास्त असते. पिच जास्त असलेला पंखा म्हणजे चढावर सायकलचा मोठा गिअर. पायात बळ असेल तर वेग मिळतो, आणि ओझे जास्त असेल तर पायच थांबतात. मोटरचेही तसेच होते. तिला जितके फेरे घ्यायला बनवली आहे तितके ती घेऊच शकत नाही, आणि थ्रॉटल, म्हणजे इंधनाची मूठ, पूर्ण उघडलेला असताना कमी फेऱ्यांवर ओढत राहिल्याने तापते, काजळी धरते आणि शेवटी पिस्टन धरते. आमच्या मोटरला नेमके हेच झाले होते. उलट पिच फार कमी असेल तर मोटर मर्यादेपलीकडे फिरते आणि वेगळ्या वाटेने मरते.

तेव्हा योग्य पंखा कोणता हे जुन्या पंख्यावरून कळत नाही, दुकानदाराला विचारून कळत नाही, आणि मोटरच्या अश्वशक्तीवरूनही पूर्णपणे कळत नाही. ते कळते एकाच गोष्टीवरून: नेहमीच्या ओझ्यासह नाव पाण्यात असताना, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मोटर मिनिटाला किती फेरे घेते. प्रत्येक मोटरच्या पुस्तकात याची एक पट्टी दिलेली असते. आमच्या मोटरची पट्टी ४५०० ते ५५०० आहे. भरल्या नावेने पट्टीच्या मधल्या किंवा वरच्या भागात यावे, खालच्या टोकाशी रेंगाळू नये.

जुन्या मोटरवर फेरे दाखवणारा काटा नसतो, हे खरे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर असतो आणि तो मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. त्यावर मोटरची जात नीट निवडावी लागते. एका फेऱ्यात किती ठिणग्या हे चुकले तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो, आणि मग पुढचा सगळा हिशेब फुकट जातो. दुसरी मोजण्याची गोष्ट म्हणजे गिअरचे प्रमाण. पुस्तक हरवले असेल तरी ते हाताने काढता येते. दोन्ही प्लग काढून ठेवावेत, गिअर टाकावा, पंख्याच्या एका पात्याला रंगाचा ठिपका लावावा आणि मोटरच्या माथ्यावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने फिरवत मोजावे. आमच्या मोटरचे फ्लायव्हील २७ वेळा फिरले तेव्हा पंखा बरोबर १३ वेळा फिरला. म्हणजे प्रमाण २.०८.

पिस्टन बदलून मोटर परत आली, तेव्हा आम्ही ती त्याच १०×१३ पंख्यासह सहा माणसे आणि भरलेल्या टोपल्या घेऊन फुगवट्यात नेली. थ्रॉटल पूर्ण, आणि टॅकोमीटरवर आकडा ४३५०. पट्टीच्या खाली. नाव नाक वर करून मागे बसली होती आणि मोबाइलवरचा वेग ताशी १६ किलोमीटर होता. आता हिशेब पाहा. मोटरच्या फेऱ्यांना गिअरच्या प्रमाणाने भागावे, पिचने गुणावे आणि ०.००१५२४ ने गुणावे, म्हणजे घसर नसती तर मिळाला असता तो ताशी किलोमीटरमधला वेग मिळतो. तो येतो ४१. कागदावर ४१ आणि पाण्यावर १६. बाकीची सारी ताकद पाणी घुसळण्यात आणि मोटर तापवण्यात जात होती.

पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, हा या धंद्यातला सर्वमान्य अंदाज आहे. त्यावरून आम्ही १० पिचचा पंखा मागवला. त्याच नावेत, तेवढ्याच ओझ्याने, आकडा आला ४९५०. तीन इंचांना सहाशे फेरे. आणि वेग झाला ताशी २१ किलोमीटर. संस्थेतल्या ज्येष्ठ मंडळींना हे पटायला वेळ लागला, कारण पिच कमी म्हणजे वेग कमी अशीच सर्वांची समजूत होती, आणि रिकाम्या बोटीपुरती ती बरोबरही आहे. ओझ्याच्या नावेत मात्र मोटर मोकळी झाली की नाव उचलली जाते आणि वेग वाढतो. याच पंख्याच्या जन्मकथेत अशी एक घटना आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये नावेच्या स्क्रूचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात तो लाकडी स्क्रू लावून नाव चालवत असताना त्याचा मोठा तुकडा मोडून पडला. स्क्रू जवळपास निम्मा उरला आणि नाव आधीपेक्षा वेगाने धावू लागली. मोठा पंखा म्हणजे चांगला पंखा नव्हे, हे तेव्हापासून माहीत आहे.

नऊ पिचचा का घेतला नाही, असे मला काहींनी विचारले. त्याचे कारण रिकामी नाव. मासळी काठावर उतरवून दोन माणसे परत निघतात तेव्हा १० पिचच्या पंख्यावर आमची मोटर ५४०० पर्यंत जाते, म्हणजे मर्यादेच्या आत, पण काठोकाठ. नऊ पिच घेतला असता तर तिने मर्यादा ओलांडली असती. म्हणून मोजणी दोन्ही टोकांना करावी लागते, पूर्ण भरलेल्या नावेत आणि जवळपास रिकाम्या नावेत, आणि दोन्ही वेळा पट्टीत राहील असा पंखा निवडावा लागतो. चार पात्यांचा पंखा मिळाला तर ओझ्याच्या नावेला तो अधिक चांगली पकड देतो, त्याचा पिच मात्र तीन पात्यांच्या पंख्यापेक्षा सहसा एखादा इंच कमी घ्यावा लागतो. आमच्या मोटरला तो जवळपास कुठे मिळाला नाही.

आपल्या विदर्भातल्या हवेचाही यात वाटा आहे आणि तो कोणत्याही परदेशी पुस्तकात आपल्या आकड्यांनी लिहिलेला नसतो. जानेवारीतल्या पहाटे १२ अंशांच्या हवेत जितकी हवा मोटर एका श्वासात ओढते, तितकी मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी ओढू शकत नाही. हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ झालेली असते आणि मोटरची ताकदही त्या प्रमाणात उतरते. थंडीत मोजून बरोबर आलेला पंखा उन्हाळ्यात जड वाटतो तो यामुळे. मासेमारीचा जोर आणि पाण्याची खोली दोन्ही लक्षात घेऊन, मोजणी मार्च-एप्रिलमधल्या दहा-अकरा वाजताच्या हवेत करावी, असे माझे मत झाले आहे.

पंख्याला हात लावण्याआधी मोटर स्वतः निरोगी आहे का, हे पाहणे फार आवश्यक आहे. फेरे कमी येण्याचे कारण पंखाच असेल असे नाही. थ्रॉटलची केबल सैल असल्याने कार्ब्युरेटर पूर्ण उघडतच नाही, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजावे आणि त्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आधी मोटर उघडावी. नावेच्या फायबरच्या पोकळीत पाणी शिरून ती क्विंटलभर जड झालेली असते, तेही तपासावे. आजारी मोटरला हलका पंखा लावला तर ती काही दिवस बरी असल्याचे भासते, आणि आजार आत वाढत राहतो.

आता पंखा बसण्याचा प्रश्न. जुन्या पंख्याचा उपयोग नमुना म्हणून होतो तो इथे, आणि फक्त इथेच. शाफ्टवरच्या खाचा किती हे मोजावे, कारण एक खाच इकडची तिकडे असेल तर पंखा बसत नाही. पंख्याच्या पुढे जो जाड उतरता वॉशर असतो, तो त्याच पंख्याच्या जोडीचा असावा. एकदा आमच्याकडे खाचा जुळल्या म्हणून दुसऱ्याच मोटरचा पंखा चढवला गेला, वॉशरवर तो नीट टेकलाच नाही आणि पुढच्या बाजूला सरकून गिअरकेसला घासू लागला. मोटरचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून बाहेर पडत असेल तर नव्या पंख्यालाही तशीच पोकळी हवी. जुन्या पंख्यावरचा आकडा झिजून गेला असेल तर पिच टेबलावर मोजता येतो. पंखा उभा ठेवावा, मध्यापासून साडेतीन इंचांवर एका पात्याची पुढची आणि मागची कड खुणेने धरावी, त्या दोन कडांच्या उंचीतला फरक आणि त्यांच्यामधला कोन मोजावा. उंचीचा फरक गुणिले ३६०, भागिले कोन, म्हणजे पिच. सव्वादोन इंचांचा फरक आणि ८० अंशांचा कोन आला तर पिच दहाच्या आसपास. दहावीला भूमिती शिकलेला कोणताही मुलगा हे काढू शकतो आणि आमच्या गावच्या मुलांनी ते काढलेही आहे. मात्र वैनगंगेच्या वाळूत चाललेल्या पंख्याची टोके झिजलेली असतात. तिथे व्यास मोजताना सगळ्यात लांब पाते धरावे.

शाफ्टवरून पंखा काढला की नवा चढवण्याआधी त्याच्या मागे, गिअरबॉक्सचे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या ऑइल सीलपाशी, बारकाईने पाहावे, अशी माझी सर्व नावाड्यांना कळकळीची विनंती आहे. बातमीतल्या त्या मोटरच्या शाफ्टवर मला तंगुसाचे जवळपास बोटभर जाड वेटोळे सापडले. तुटलेल्या जाळ्याचा तो धागा पाण्यात दिसत नाही, पंख्यात ओढला जातो, शाफ्टभोवती आवळत जातो आणि गरम होऊन सीलची कड कापतो. मी तो ब्लेडने कापून काढला तेव्हा आतून पाण्याचे थेंब आले आणि गिअरबॉक्सचे तेल काढले ते ताकासारखे पांढुरके झालेले होते. आणखी महिनाभर ती तशीच चालली असती तर पंख्याच्या किमतीत नव्हे, अख्ख्या गिअरबॉक्सच्या किमतीत भागले असते. ज्या फुगवट्यात दिवसरात्र जाळी पसरलेली असतात, तिथे दर पंधरा दिवसांनी पंखा उतरवून हे पाहावे, शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे आणि स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरल्याने पंखा नटासकट पाण्यात गेल्याची उदाहरणे प्रत्येक घाटावर सांगतील.

बुश सुटला आहे की नाही हे ओळखायलाही खर्च नाही. पंख्याच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी, ती वाळू द्यावी, आणि नाव ओझ्याने चालवून आणल्यावर पाहावे. रेघेचे तुकडे एकमेकांसमोर राहिले नसतील तर बुश सुटला. लहान मोटरींना बुशाऐवजी शाफ्टमध्ये आडवी पिन असते आणि धक्क्याने ती तुटावी अशीच योजना असते. ती तुटली की आमचे लोक लोखंडी खिळा ठोकतात. खिळा तुटत नाही, म्हणून सगळ्यांना बरे वाटते, आणि पुढच्या खुंटाला गिअरचे दात तुटतात. कृपा करून हे कुणी करू नये. पाच-सहा योग्य पिना डबीत घालून नावेत ठेवाव्यात.

धातूविषयी माझे मत ठाम आहे. स्टेनलेस स्टीलचा पंखा मजबूत असतो, पात्यांची कड पातळ असल्याने पाण्याला चांगला लागतो आणि वाळूला जास्त काळ पुरतो, म्हणून ज्यांना परवडतो ते तोच घ्यायला निघतात. परंतु आमच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखाली बाभळी-मोहाची खुंटे आहेत, जुन्या गावांच्या विहिरींचे काठ आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की ते पृष्ठभागाच्या वीत-दीड वीत खाली येतात. तिथे अॅल्युमिनियमचे पाते वाकते किंवा मोडते आणि धक्का स्वतः घेते. स्टीलचे पाते वाकत नाही आणि उरलेला धक्का शाफ्ट व गिअरला पोचतो. जुन्या मोटरचे गिअर मिळवणे पंखा मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून बुडीत क्षेत्रात अॅल्युमिनियमच घ्यावा आणि एक जास्तीचा घ्यावा. मुडपलेला पंखा आर्गन वेल्डिंग करून हातोडीने सरळ करून मिळतो, पण तिन्ही पाती एकसारखी आणि तोलात आली तरच तो वापरावा; तोल गेलेल्या पंख्याच्या थरथरीने सील आणि बेअरिंग झिजतात. असा दुरुस्त पंखा काठापर्यंत पोचण्यापुरता राखीव ठेवावा, रोजच्या कामाला नको.

वळणावर किंवा लाटेवर मोटर एकदम किंचाळत असेल आणि फेस येत असेल तर तो पंख्याचा दोष समजून नवा घेण्याआधी मोटर किती उंच बसली आहे ते पाहावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या बुडाच्या पातळीला किंवा जराशी खाली असावी. ती वर असली की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि पकड सोडतो. पंधरा इंची शाफ्टची मोटर वीस इंची फळीला लावली की असेच होणार.

शेवटी, ज्यासाठी हे पत्र आपल्याकडेच पाठवावेसे वाटले ती बाब. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतली गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हा माणसे बाहेर काढण्याचा भार याच लहान मोटरींवर होता. त्यानंतर अनेक ठिकाणी बचावासाठी बोटी आणि मोटरी आल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मी एका तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यापूर्वीची रंगीत तालीम पाहिली. हलक्या रबरी बोटीची मोटर काढून ती फायबरच्या मोठ्या बोटीला लावलेली होती, पंखा तोच होता, आणि तालीम दोन जवानांना बसवून झाली. त्या दोन माणसांसह बोट झपाट्याने गेली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुरात त्याच बोटीत दहा माणसे, दोन म्हाताऱ्या आणि त्यांची बोचकी बसतील, प्रवाह समोरून असेल, आणि तेव्हा तो जास्त पिचचा पंखा मोटरला फेरे घेऊ देणार नाही. पंखा मोटरचा नसतो, बोटीचा आणि तिच्यातल्या ओझ्याचा असतो, एवढी एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांनी आणि तालीम घेणाऱ्यांनी धरून ठेवली तर पुष्कळ काम होईल. खरेदीच्या कागदावर "जुन्या नमुन्याप्रमाणे" असे न लिहिता व्यास, पिच, पात्यांची संख्या, शाफ्टच्या खाचा आणि पूर्ण ओझ्यावर अपेक्षित फेरे लिहावेत. मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने तेच आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे माणूस बदलला तरी माहिती मोटरबरोबर राहील. तालमीत माणसांऐवजी वाळूची पोती भरावीत, पण पूर्ण भरावीत. आणि प्रत्येक बोटीत एक जास्तीचा पंखा, नट, वॉशर, स्प्लिट पिना आणि तो नट उघडणारा पाना बांधून ठेवावा. पाना काठावरच्या खोलीत कुलपात असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

बातमीतल्या त्या नावेला आम्ही गेल्या रविवारी ११ पिचचा पंखा बसवला. ओझ्यासह आकडा ४८०० आला आहे आणि तो झाकणाच्या आत लिहिला आहे. पवनी परिसरातल्या कोणत्याही संस्थेला आपली मोटर अशी मोजून घ्यायची असेल तर पाऊस लागेपर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते अकरा मी टॅकोमीटर घेऊन घाटावर असतो. येताना नेहमीचे पूर्ण ओझे आणावे.

आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था
ता. पवनी, जि. भंडारा